झोपेची वेळ कोण ठरवतं?

प्रश्न असा आहे: ‘झोप ही शरीराची गरज आणि ज्याच्या त्याच्या शिस्तीची बाब. मग निद्राविकारांवर उपचार करणारे डॉक्टर झोपेच्या राजकारणाबद्दल का बोलतात? नीट झोपायचं असेल तर वेळेवर अंथरुणात जावं, एवढं सोपं नाही का?’

ज्याची वेळ त्याच्या स्वतःच्या हातात आहे, त्याच्यासाठी बऱ्याच अंशी ते एवढंच सोपं आहे. बाकीच्यांसाठी नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत हे बाकीचेच पुष्कळ असतात. दिवा कधी मालवायचा, पहाटे कधी उठायचं, रात्री कोणी हाक मारली तर उठायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? मी झोपेचं राजकारण म्हणतो ते याला. कायदे आणि न्यायालयं त्यात येतातच, पण त्याची सुरुवात फार जवळ होते.

निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आम्ही पहिल्या भेटीतच एक साधा तक्ता देतो, झोपेची डायरी. दोन आठवडे रोज भरायची. अंथरुणात कधी गेलात, अंदाजे कधी डोळा लागला, मध्ये किती वेळा जाग आली, शेवटी उठलात कधी, दिवसा डुलकी घेतली का. फिरत्या पाळीत काम करणाऱ्याची डायरी साधारण अशी दिसते: पहिल्या आठवड्यात रात्रपाळी. सकाळी आठला घरी, नऊला अंथरुणात, साडेबाराला टक्क जाग. संध्याकाळी निघण्यापूर्वी कसाबसा तासभर डोळा. दुसऱ्या आठवड्यात दुपारपाळी, मध्यरात्री घरी, दोनला झोप, सातला घरातल्या गडबडीने झोपमोड. तिसऱ्या आठवड्यात सकाळपाळी लागणार म्हणून शेवटच्या ओळीत शेरा असतो: ‘उद्यापासून साडेचारचा गजर, आत्तापासूनच झोप उडाली आहे.’ हा माणूस ‘झोपेची गोळी द्या’ म्हणतो. त्या कागदावर मला मात्र आजारापेक्षा कारखान्याचा ड्यूटी चार्ट जास्त ठळक दिसतो.

यामागचं शरीरशास्त्र नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे. आपल्या पेशींमध्ये एक घड्याळ चालतं. ते कोणत्या जनुकांच्या जोरावर चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं हे आतलं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं, सुमारे २४ तास ११ मिनिटांचं, आणि डोळ्यांवर पडणारा उजेड त्याला रोज जाग्यावर आणतो. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या माणसाच्या डोळ्यांवर नेमका सकाळचा उजेड पडतो. त्यामुळे शरीर थकलेलं असूनही घड्याळ ‘दिवस उगवला’ असंच सांगत राहतं. म्हणून दिवसाची झोप उथळ आणि तोकडी होते, खोलीत कितीही अंधार केला तरी. घड्याळ थोडं लांब असल्यामुळे आपल्याला झोप पुढे ढकलणं सोपं जातं, अलीकडे ओढणं अवघड. म्हणजे सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पाळ्यांचा क्रम शरीर त्यातल्या त्यात सोसतं. वर सांगितलेल्या डायरीत क्रम उलटा होता.

अमेरिकेतल्या युटा राज्यात खनिज काढणाऱ्या एका कंपनीत हेच दिसलं होतं. तिथल्या पाळ्या दर आठवड्याला उलट्या क्रमाने फिरत. झोपेचे संशोधक चार्ल्स झायस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रम सुलटा केला आणि काही कामगारांची पाळी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलायला लावली. कामगारांचं समाधान वाढलं, तब्येतीच्या तक्रारी घटल्या आणि उत्पादनही वाढलं. हा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार तेच होते, त्यांची शिस्तही तीच होती. बदलला होता तो फक्त तक्ता, आणि तो बदलण्याचा अधिकार एकाही कामगाराकडे नव्हता. इतक्या वर्षांनंतरही उलट्या क्रमाने फिरणाऱ्या पाळ्या माझ्यासमोर येतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. ही गोष्ट सुधारायला यंत्र लागत नाही की औषध लागत नाही.

रात्रपाळीचा धोका केवळ पेंग येण्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. तरीही रात्रपाळी करणाऱ्याची झोप बिघडली की त्याला दिला जाणारा सल्ला सहसा असतो: चहा-कॉफी कमी करा, मोबाइल बाजूला ठेवा.

आता थोडं मागे जाऊ. एका दमात आठ तास झोपायचं, ही अपेक्षा आपण सनातन समजतो. इतिहासकार रॉजर एकर्क यांनी २००१ मध्ये युरोपातल्या जुन्या नोंदी धुंडाळून दाखवलं की औद्योगिक युगापूर्वी तिथे बरेच लोक रात्री दोन टप्प्यांत झोपत. पहिली झोप, मध्ये तास-दोन तासांचं जागरण, मग दुसरी झोप. मधल्या वेळात लोक प्रार्थना करत, गप्पा मारत, विस्तव बघत. मध्यरात्री जाग येते म्हणून धास्तावलेल्या रुग्णांना मी हे आवर्जून सांगतो, त्यांची भीती त्याने कमी होते. पण त्यातून ‘पूर्वी सगळे सुखाने झोपत, यंत्रयुगाने झोपेचं खोबरं केलं’ असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. त्या काळातला गरीब माणूस थंडीत, ढेकणांत, एका खोलीत दाटीने निजत होता. शिवाय २०१५ मध्ये टांझानियातले हाडझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या विजेविना राहणाऱ्या समूहांच्या झोपेची मोजदाद झाली, तेव्हा त्यांची प्रत्यक्ष झोप सरासरी ५.७ ते ७.१ तास भरली, आणि ती बहुधा सलगच होती. एकच एक ‘नैसर्गिक’ नमुना असा नाही. समाज बदलतो तशी झोप बदलते, म्हणून तिच्या वाटणीबद्दल भांडता येतं.

आणि माणसं भांडलीही आहेत. यंत्रांच्या मालकाला यंत्र बंद ठेवणं परवडत नव्हतं, आणि आधी गॅसच्या, नंतर विजेच्या दिव्यांनी रात्रीही काम करवून घेणं शक्य झालं. चौदा-चौदा, सोळा-सोळा तासांचा कामाचा दिवस त्यातूनच रुळला. ब्रिटनमधले गिरणीमालक आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास विश्रांती ही मागणी १८१७ मध्ये मांडली. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या रस्त्यांवर त्यासाठी रक्त सांडलं. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जो पहिलाच करार केला, तो उद्योगांतल्या कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ करणारा होता. आज डॉक्टर ज्या आकड्याला वैद्यकीय सल्ला म्हणून सांगतात, तो आधी कामगारांनी हक्क म्हणून मागून घेतला होता. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम शिकवतो.

याला समांतर एक दुसरी परंपरा चालत आली, कमी झोपेचा अभिमान मिरवण्याची. एडिसन झोपेला वेळेचा अपव्यय समजत आणि चार-पाच तासांत भागतं असं सांगत. अमेरिकेतल्या वेस्ट ऑरेंज गावातल्या त्यांच्या प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात मात्र त्यांच्या डुलक्यांसाठीची खाट आजही आहे. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे चार तास तर दंतकथेसारखे सांगितले जातात. आपल्याकडेही फार झोपणाऱ्याला कुंभकर्ण म्हणतात, पण कमी झोपणाऱ्याला हिणवणारं नाव चटकन आठवत नाही. ‘लवकर निजे, लवकर उठे’ म्हणणाऱ्याला लवकर उठणाऱ्याचंच कौतुक असतं. ज्याचं शरीर मुळातच उशिरा झोपून उशिरा उठण्याच्या घडणीचं आहे, तो जन्मभर आळशी ठरतो. खरोखर कमी झोपेत भागणारी माणसं असतात, त्यांतल्या काहींच्या जनुकांतला फरकही सापडला आहे. पण ती फारच विरळा. बाकीच्यांचं काय होतं, हे २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रयोगाने दाखवलं. निरोगी लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. अखेरीस त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी ढासळली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपण किती ढासळलो आहोत हे त्यांना उमगत नव्हतं. ‘सवय झाली आहे, मला एवढी पुरते’ असं कोणी म्हणालं की मला ‘चढलेली नाही, गाडी मीच चालवतो’ म्हणणारा माणूस आठवतो.

या अभिमानाचा गड म्हणजे माझा स्वतःचा व्यवसाय. शिकाऊ डॉक्टरने ३६ तास सलग उभं राहायचं, हा अनेक ठिकाणी दीक्षाविधीच मानला गेला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १८ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. तिला बघणारे शिकाऊ डॉक्टर प्रदीर्घ पाळीवर होते. तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरलं आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ पासून ती अमेरिकाभर लागू झाली. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांची सलग पाळी १६ तासांवर आणली, आणि २०१७ मध्ये ती पुन्हा २४ तासांपर्यंत वाढवली, वर रुग्ण पुढच्या डॉक्टरकडे सोपवण्यासाठी चार तास. युक्तिवाद असा की पाळ्या लहान केल्या तर रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो आणि त्यातही चुका होतात. युक्तिवाद पोकळ नाही. लांब आणि आखूड पाळ्यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांत रुग्णांच्या मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. पण या सगळ्या चर्चेत एक पर्याय फार क्वचित पटलावर येतो: माणसं वाढवणं. डॉक्टरची झोप हा मनुष्यबळाच्या खर्चाचा प्रश्न आहे, आणि त्याला आम्ही चारित्र्याचा प्रश्न करून ठेवलं आहे.

खर्चाचा हिशेब किती उघडपणे मांडला जातो, हे बघायचं तर विमानांकडे बघा. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळलं आणि ५० जण मेले. सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. कॅप्टनने विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत रात्र काढली होती. चौकशीत थकवा हे अपघाताचं एकमेव कारण ठरलं नाही, पण दोघांच्या कामगिरीवर त्याचा परिणाम बहुधा झाला असावा असं तपास यंत्रणेने नोंदवलं. मृतांच्या नातेवाइकांनी नेट लावला आणि नवे नियम आले. उड्डाणाआधी किमान १० तासांची विश्रांती, त्यात सलग ८ तास झोपायची संधी, शिवाय दिवसाच्या कोणत्या वेळी काम सुरू होतं त्यानुसार ड्यूटीची मर्यादा. जानेवारी २०१४ पासून ते लागू झाले, पण प्रवासी विमानांना. मालवाहू विमानांना वगळलं, कारण नियमांचा खर्च त्यातून होणाऱ्या फायद्यापेक्षा जास्त भरतो, असा हिशेब सरकारी यंत्रणेने केला होता. त्याच आकाशात, त्याच रात्री, त्याच मेंदूने विमान उडवणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्याच झोपेला या नियमांचं संरक्षण आहे. झोपेचं राजकारण म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो.

घरातली वाटणी याहून कमी दिसते, कारण तिचा ड्यूटी चार्ट भिंतीवर लागत नाही. तान्हं मूल, आजारी सासरे, स्मृतिभ्रंश झालेली आई: रात्री त्यांच्या हाकेला कोण उठतं? बहुतेक घरांत बाईच. तिच्या डायरीत झोपेची बेरीज सात तास भरते आणि तरी ती दिवसभर मलूल असते, कारण ते सात तास चार-पाच तुकड्यांत झालेले असतात आणि प्रत्येक तुकडा अर्ध्या कानाने जागं राहून घेतलेला असतो. मी तिच्याबरोबर आलेल्या नवऱ्यालाही डायरी भरायला देतो. दोन कागद शेजारी ठेवले की पुढचं फार बोलावं लागत नाही. आठवड्यातल्या निदान दोन रात्रींची जबाबदारी दुसऱ्या कोणी घेतली आणि ती वेगळ्या खोलीत झोपली, तर औषधाने न साधलेलं साधतं. अर्थात वेगळी खोली असेल तर. खोली, शांतता, थंडावा, सुरक्षित दार या गोष्टी विकत घ्याव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्रीच्या आवाजासाठी घराबाहेर ४० डेसिबलची शिफारस केली. पण ज्यांची घरं महामार्गाला किंवा रुळांना लागून असतात, त्यांना आवाजाची पातळी निवडता येत नाही.

आता मोबाइल. रात्री एक वाजेपर्यंत हातात फोन घेऊन बसणाऱ्यांना रागावणं हा माझ्या क्षेत्रातला सोपा उद्योग आहे. मी त्यांना एवढंच विचारतो: दिवसात तुमचा स्वतःचा वेळ कोणता? बरेच जण गप्प होतात. दिवस कामाने आणि घराने खाल्लेला असतो. रात्रीचे दोन तास हाच काय तो मालकीचा ऐवज, आणि तो झोपेतून चोरावा लागतो. चीनमध्ये याला ‘सूड म्हणून जागरण’ अशा अर्थाचं नाव पडलं, ते सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस अशा नोकऱ्यांच्या काळात. आठवड्याला ७२ तासांची ही पद्धत बेकायदा असल्याचं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं. दुसऱ्या बाजूने, त्या चोरलेल्या दोन तासांवरही कंपन्यांचा डोळा आहेच. नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी २०१७ मध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की आमची स्पर्धा झोपेशी आहे. अशा वेळी सगळा दोष त्या एका अंगठ्यावर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

गेल्या काही वर्षांत वारं फिरलं आहे, आणि त्याबद्दल मी पूर्ण आनंदी नाही. कमी झोपेच्या बढाईची जागा आता उत्तम झोपेच्या बढाईने घेतली आहे. मनगटावरच्या घड्याळातले ‘स्लीप स्कोअर’ दाखवत लोक येतात: ‘डॉक्टर, माझी गाढ झोप फक्त ४० मिनिटंच आहे.’ ही घड्याळं हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात. झोपेचे टप्पे ठरतात ते मेंदूच्या लहरींवरून, त्यासाठी डोक्याला तारा लावाव्या लागतात. या आकड्यांच्या धास्तीनेच झोप बिघडलेले रुग्ण दिसू लागले, तेव्हा २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ म्हटलं. ऑफिसात डुलकीसाठी खोल्या करणाऱ्या कंपन्यांचं कौतुक होतं, पण रात्री अकराला येणारे ईमेल थांबत नाहीत. झोपेमुळे काम चांगलं होतं हे खरंच आहे. पण तेवढ्यासाठीच झोप मान्य करायची, तर ज्याचं काम कोणाला मोलाचं वाटत नाही त्याच्या झोपेचं काय? म्हातारा माणूस, बेकार तरुण, फुटपाथवर अंग टाकणारा?

या शेवटच्या माणसाबद्दल न्यायालयांनी परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, रामलीला मैदानात मध्यरात्री झोपलेल्या आंदोलकांवर झालेल्या पोलीस कारवाईच्या प्रकरणात, झोप हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ओरेगनमधल्या ग्रँट्स पास या शहराच्या बाजूने सहा विरुद्ध तीन असा कौल दिला. सार्वजनिक जागी मुक्काम ठोकून झोपणाऱ्यांना, ते बेघर असले तरी, दंड करणं घटनाबाह्य नाही, असा तो कौल होता. आणि बागेतल्या बाकाच्या मधोमध बसवलेला लोखंडी हात बघा. तो हात टेकायला असतो असं सांगतात, पण त्यामुळे आडवं होता येत नाही, हे बसवणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

मुलांचंही तेच. वयात येताना आतलं घड्याळ पुढे सरकतं, हे जीवशास्त्र आहे. रात्री अकरापर्यंत त्यांना झोप येत नाही आणि सकाळी सातच्या वर्गात ती अर्धवट झोपेत बसलेली असतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये साडेआठच्या आधी शाळा भरवू नका असं सांगितलं. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला आणि २०२२ पासून तो माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांना लागू झाला. विरोध झाला तो बसच्या फेऱ्या, खेळाचा सराव आणि पालकांच्या नोकरीच्या वेळा यांच्या नावाने. अडचणी खऱ्या आहेत. पण त्या सगळ्या मोठ्यांच्या वेळापत्रकाच्या आहेत, आणि त्यांची किंमत मुलं चुकवतात.

मग माझ्यासारख्याने करायचं काय? औषध आणि वर्तनोपचार मी करतोच. निद्रानाशासाठी विचार-वर्तन उपचारपद्धती हा पहिला उपचार आहे आणि तिचा गुण येतो. पण त्या पद्धतीत उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी लागते, आणि ज्याची पाळी दर आठवड्याला फिरते त्याला ते जमतच नाही. म्हणून मी पत्रं लिहितो. रुग्णाच्या मालकाला, रुग्णाच्या संमतीने. पाळ्यांचा क्रम सकाळ-दुपार-रात्र असा ठेवा. चार्ट निदान दोन आठवडे आधी लावा. दोन पाळ्यांमध्ये ११ तासांचं अंतर ठेवा, युरोपीय संघाच्या कायद्यात ते किमान मानलं आहे. अपस्मार किंवा अनियंत्रित मधुमेह असेल तर रात्रपाळीतून वगळा. सगळे ऐकत नाहीत. एकट्या कामगाराने मागितलं तर फार कमी ऐकतात, पाळीतल्या सगळ्यांनी मिळून लेखी मागितलं तर जास्त. त्यामुळे डायरी एकट्याने भरू नका, पाळीतल्या सगळ्यांनी भरा. ते कागद एकत्र ठेवले की व्यवस्थापनाला ‘हा एक माणूस कमकुवत आहे’ असं म्हणता येत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही चर्चेसाठी थांबवू नका. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकताना घरच्यांनी पाहणं, पुरेसे तास झोपूनही दिवसा पेंग येणं, ही श्वास अडण्याच्या विकाराची लक्षणं आहेत, त्याची तपासणी करून घ्या. आणि गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल, तर तपासणी होईपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्या.